जामेच्या पात्रातली बेरीज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. आज त्याच झाडावर सदिशांची बेरीज करून पाहू.

बल, वेग, संवेग या सदिश राशी : त्यांना परिमाण असतं तशी दिशाही असते. वस्तुमान, ऊर्जा या अदिश. अदिशांची बेरीज किराण्याच्या हिशेबासारखी सरळ. सदिशांची तशी जमत नाही.

समजा, गोटे बाजूला ठेवून बुंध्याला दोर बांधले. सावरगावची दिशा म्हणजे क्ष-अक्ष, प्रवाहाची दिशा म्हणजे य-अक्ष. बलं चार :

१. सावरगावकडे 400 न्यूटन : क्ष = 400, य = 0
२. पांढुर्ण्याकडे 200 न्यूटन : क्ष = −200, य = 0
३. पांढुर्ण्याकडून तिरका, प्रवाहाकडे 37 अंश कललेला दोर, 100 न्यूटन : क्ष = −80, य = 60
४. पाण्याचा रेटा 30 न्यूटन : क्ष = 0, य = 30

क्षची बेरीज 120, यची 90. परिणामी बल = √(120² + 90²) = 150 न्यूटन, सावरगावच्या दिशेपासून प्रवाहाकडे सुमारे 37 अंशांवर. नुसते आकडे मिळवले असते तर 730 आले असते! बलं चार असोत की चाळीस, रीत हीच : प्रत्येकाचे घटक पाडा, क्ष क्षमध्ये, य यमध्ये मिळवा, शेवटी पायथागोरस.

आता गोटे. 200 ग्रॅमचे दोन गोटे समोरासमोरून सेकंदाला 20 मीटर वेगाने आले. एकाचा संवेग +4, दुसऱ्याचा −4, बेरीज शून्य. म्हणजे काहीच झालं नाही का? प्रत्येकाची ऊर्जा 40 ज्यूल, आणि ऊर्जा अदिश : दोन्ही मिळून 80. शिवाय एक गोटा या काठावरच्या डोक्यात बसतो, दुसरा त्या काठावरच्या. परिणामी बल काढायचं तर सगळी बलं एकाच वस्तूवरची हवीत. दोन डोक्यांवरचे मार एकमेकांना खोडत नाहीत. ‘त्यांनी मारलं, आम्हीही मारलं, फिट्टंफाट’ हा हिशेब भौतिकशास्त्रात बसत नाही. गोटमारीत माणसं जखमी होतात, जीवही गेलेत, ते याच न खोडलेल्या ऊर्जेमुळे.

सराव : वरच्या झाडावरचं परिणामी बल शून्य करायला पाचवा दोर किती बलाने आणि कुठल्या दिशेला ओढाल?