शाळेचे टॅब आणि विद्यार्थ्यांची जबाबदारी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून टॅब हे साधन आता नवलाईचे राहिलेले नाही. 2020 च्या मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा बंद झाल्या, त्या वेळी शिक्षणाचा धागा तुटू नये म्हणून आपण सर्वांनी मिळेल त्या यंत्राचा आधार घेतला. पुढे शासकीय योजनांतून, ग्रामनिधीतून व कारखान्यांच्या साहाय्यातून कित्येक शाळांना टॅब मिळाले. यंत्र आले, परंतु ते कसे वापरावे याचे शिक्षण यंत्राबरोबर खोक्यात घालून येत नाही. ते शिक्षकालाच द्यावे लागते. ते कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला असून पाचवीच्या वर्गासाठी एका पाठाचे टाचणही दिले आहे.

दोन टोके

शाळाभेटीच्या वेळी या बाबतीत दोन टोके दृष्टीस पडतात. काही शाळांत टॅब मुलांच्या हाती देऊन शिक्षक अन्य वर्गाकडे वळतात. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाची अडचण मी जाणतो. तथापि असा तास हा शिक्षणाचा तास नव्हे. दुसऱ्या टोकाला, फुटेल, हरवेल, लेखापरीक्षणात प्रश्न निघेल या भीतीने टॅब कपाटात कुलूपबंद राहतात व पाहुण्यांच्या भेटीच्या दिवशीच बाहेर येतात.

कपाटात ठेविलेले यंत्र सुरक्षित असते, ही समजूतही खरी नाही. टॅबमधील लिथियम विद्युत्घट पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहिल्यास निकामी होतो. उन्हाळी सुटीपूर्वी तो सुमारे निम्मा भरून यंत्र बंद करून ठेवावे व महिन्यातून एकदा तपासावे. एखाद्या टॅबची पाठ फुगलेली दिसल्यास तो विद्युत्प्रवाहास मुळीच जोडू नये. मुलांपासून दूर ठेवून वरिष्ठांस कळवावे. न वापरणे म्हणजे जपणे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या परिसरातील एका शाळेने टॅबसंबंधी सूचनाफलक तयार केला आणि त्याचा मसुदा मला दाखविला. चौदा नियम होते. प्रत्येक नियमाच्या शेवटी 'नये'. अखेरचा नियम असा : 'टॅबमध्ये काही बिघाड अथवा गैरप्रकार आढळल्यास संबंधित विद्यार्थ्यास जबाबदार धरले जाईल.' मी तो वाचला, एक-दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि 'उत्तम' असा शेरा दिला.

पुढल्या भेटीत सहावीच्या वर्गशिक्षिका एका मुलीविषयी म्हणाल्या, "हुशार आहे, पण टॅबच्या तासाला हात लावीत नाही. कंटाळा करते." खरी गोष्ट कळली ती एका पालक भगिनींकडून. एका खेळात शिरून कोणा अनोळखी इसमाने त्या मुलीला तिचे नाव, शाळा व छायाचित्र मागितले होते. तिने भिऊन टॅब बंद केला. तीन आठवडे तिने कोणास काही सांगितले नाही. अखेर मैत्रिणीजवळ बोलली, मैत्रीण आपल्या आईजवळ बोलली. बाईंना का सांगितले नाहीस, असे विचारताच ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "शेवटचा नियम."

त्या मुलीने वागण्यात काहीही चूक केली नव्हती. तिने नाव दिले नाही, छायाचित्र दिले नाही. चूक त्या फलकाची होती, आणि त्यावर माझा शेरा होता. तो फलक आम्ही त्याच दिवशी उतरविला. मूल जेथे सांगावयास भिते, तेथे नियम कितीही असोत, ते मूल एकटे असते, हा धडा मला माझ्या तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या मुलीने दिला.

जबाबदारीची चार अंगे

'जबाबदार वापर' या शब्दांत चार गोष्टी येतात. पहिली वस्तूची काळजी : हात कोरडे असावेत, टॅब दोन्ही हातांनी धरावा, घट भरताना तो कापडाखाली अथवा उन्हात ठेवू नये. दुसरी वेळेची मर्यादा. केंद्र शासनाने जुलै 2020 मध्ये 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन अध्यापनाच्या दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोनपेक्षा अधिक तासिका असू नयेत, असे म्हटले होते. शाळा बंद असतानाच्या काळासाठी जर ही मर्यादा होती, तर समोर शिक्षक, फळा व पुस्तक असताना एक तासिका पुरेशी मानावी.

तिसरे अंग स्वतःच्या माहितीचे रक्षण. नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक, पासवर्ड व ओटीपी या गोष्टी अनोळखी माणसास द्यावयाच्या नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती हे तत्त्व स्वीकारले आहे. आपणही मुलांची छायाचित्रे समूहांवर टाकताना याचे भान ठेवावे. मुले आपले पाहूनच शिकतात. चौथे अंग म्हणजे दुसऱ्याचा मान : वर्गमित्राचे छायाचित्र त्याला न विचारता काढू नये, त्याची थट्टा पुढे पाठवू नये.

या चारही अंगांना आधार देणारी सवय एकच. ती म्हणजे, काही घडले की लगेच सांगणे.

पाठाचे टाचण

इयत्ता : 5 वी. वेळ : 40 मिनिटे.
घटक : शाळेच्या टॅबचा जबाबदार वापर.
उद्देश : (1) साधन घेण्याची व परत करण्याची शिस्त अंगी बाणविणे. (2) अडचण निर्भयपणे सांगण्याची सवय लावणे.
साहित्य : टॅब, पुठ्ठ्याचे क्रमांकित बिल्ले, नोंदवही.

पूर्वज्ञान : आपल्या भागातील मुलांचे पूर्वज्ञान हेच या पाठाचे खरे भांडवल होय. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे या गावांतील शाळांत कारखान्यांत काम करणाऱ्या आईबापांची मुले मोठ्या संख्येने आहेत. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, तर कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली. आदल्या दिवशी सर्वांस सांगावे : "घरातील मोठ्या माणसांना विचारून या, कामाचे हत्यार हाती घेताना आणि परत ठेवताना ते काय करतात?" शेती करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या अथवा गवंडीकाम करणाऱ्या पालकांनाही हा प्रश्न लागू पडतो. मात्र ज्या घरी कामावर अपघात झाला असेल, त्या मुलास वर्गासमोर बोलते करू नये.

प्रस्तावना : मुलांनी आणलेली उत्तरे ऐकावीत. कोणी सांगेल की, टूल स्टोअरमधून मापाचे हत्यार घेताना टोकन द्यावे लागते व हत्यार परत केल्यावर ते परत मिळते. कोणी सांगेल की, पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. येथे शिक्षकाने थांबून विचारावे, "एका बटणाने काम झाले असते, मग दोन कशाला?" दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे बोट प्रेसखाली जाऊ शकत नाही, हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे. नियम माणसाला अडविण्यासाठी नसून त्याचा हात वाचविण्यासाठी असतो, ही गोष्ट या एका उदाहरणाने मुलांना जितकी पटते, तितकी चौदा नियमांच्या पाठांतराने पटत नाही.

विषयप्रतिपादन : प्रत्येक मुलास बिल्ला द्यावा. बिल्ला देऊन टॅब घ्यावयाचा, टॅब देऊन बिल्ला परत घ्यावयाचा. हे तीन-चार मुलांकडून सर्वांसमोर करवून घ्यावे. नंतर नोंदवहीचे रकाने फळ्यावर काढावेत : टॅब क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, घेतल्याची वेळ, परत केल्याची वेळ, काय आढळले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'काच तडकली', 'आवाज येत नाही', 'काही नाही' असे मुलाने स्वतः लिहावे. जी गोष्ट सर्वांसमोर लिहिण्याजोगी नसेल, तिच्यासाठी तेथे केवळ एक फुली करावी. फुली दिसताच शिक्षकाने त्याच दिवशी त्या मुलाशी एकांतात बोलावे. फुलीबद्दल शिक्षा कधीही होणार नाही, असे वचन या पाठात सर्वांसमक्ष द्यावे.

त्यानंतर तीन प्रसंग मांडून चर्चा करावी. (1) तुझ्या हातून टॅब पडला, कोणी पाहिले नाही. (2) खेळता खेळता कोणी तुझे छायाचित्र मागितले. (3) मित्राने तुझा पासवर्ड मागितला आणि न दिल्यास बोलणार नाही म्हणाला. तिसऱ्या प्रसंगी मुलांत मतभेद होतील. ते होऊ द्यावेत. तयार उत्तर घाईने सांगू नये.

फलकलेखन : (1) घेताना नोंद, देताना नोंद. (2) माझी माहिती माझ्याजवळ. (3) विचारल्याशिवाय छायाचित्र नाही. (4) काही घडले तर लगेच सांगीन. सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

स्वाध्याय : चौथे वाक्य घरी वाचून दाखविणे व त्यावर घरचे काय म्हणाले ते वहीत लिहिणे.

उपयोजन : जोड्या लावून एका जाणत्या मुलाकडे एका नवख्या मुलाला सोपवावे. आपल्याच खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 साली जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांतील लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मुलांनी मुलांना शिकविण्याची 'विषयमित्र' पद्धती हे त्या शाळेचे वैशिष्ट्य होय. त्याच धर्तीवर आपल्या वर्गात 'टॅबमित्र' नेमण्यास खर्च काहीच येत नाही.

घर आणि शाळा

टॅब घरी द्यावयाचा असल्यास पालकसभा प्रथम घ्यावी. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, आई दुसऱ्या पाळीला जाते आणि एका खोलीत मूल व यंत्र दोघेच उरतात, ही आपल्या भागातील वस्तुस्थिती आहे. अशा पालकांस उपदेश करू नये. टॅब किती वेळ चालावा, रात्री कोठे ठेवावा, एवढेच दोन प्रश्न त्यांच्याबरोबर बसून ठरवावेत. मराठी न वाचता येणाऱ्या पालकांस ते त्यांच्या भाषेत तोंडी सांगावे.

गाव एकत्र आले तर काय होऊ शकते, हे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखविले. तेथील ग्रामस्थांनी 2022 साली ठराव केला की, सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास घरोघरचे दूरदर्शन व भ्रमणध्वनी बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासास बसावयाचे. आपल्याकडे निरनिराळ्या पाळ्यांमुळे एक भोंगा सर्वांस सोईचा होणार नाही. पण यातील मर्म असे की, नियम केवळ मुलांसाठी नव्हता, मोठ्यांनीही तो पाळला. तेवढे कोणत्याही वस्तीला जमण्यासारखे आहे.

एखाद्या मुलास ऑनलाइन त्रास झाल्याचे कळल्यास संदेश पुसून न टाकता तसाच ठेवावा व मुख्याध्यापक आणि पालक यांना विश्वासात घ्यावे. बालकांच्या साहाय्यासाठी 1098 आणि आर्थिक फसवणुकीसह सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हे क्रमांक शाळेच्या दर्शनी भागात लिहून ठेवावेत.

समारोप

शिक्षकबंधुभगिनींनो, टॅब आज आहे, उद्या दुसरे यंत्र येईल. वस्तू घेताना नोंद करणे, परत करताना खरे सांगणे आणि संकटात मोठ्या माणसाजवळ येणे, या सवयी मात्र मुलाबरोबर पुढे कारखान्यात, कचेरीत व संसारात जातील. पुढील केंद्र शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपली नोंदवही सोबत आणावी. मी प्रथम शेवटचा रकाना पाहणार आहे. तो महिनाभर कोरा असेल, तर तेथे काही घडले नाही असे मी समजणार नाही. मुलांना सांगण्याचे धैर्य अजून आलेले नाही असे समजेन, आणि ते कसे येईल याचा विचार आपण मिळून करू.