इंजिनाच्या तापमानाचा काटा : दोष इंजिनात की सेन्सरमध्ये?

महाड-पोलादपूर भागात पोकलेन आणि जेसीबी ही आता केवळ रस्त्याच्या ठेकेदाराची यंत्रे राहिलेली नाहीत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या महापुरानंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्यासाठी यंत्रेच उतरवावी लागली. शेतात आलेली माती हटवणे, बांध घालणे, मजगी करणे यासाठी आपण ताशी भाड्याने यंत्र आणतो. काहींनी स्वतःचे घेतले आहे. हा विषय खरे तर कृषी अभियांत्रिकीचा; परंतु पेरणीच्या तोंडावर यंत्र शेतात अडकले की नुकसान पिकाचे होते, म्हणून सस्यशास्त्राच्या माणसानेही तो समजून घेतलेला बरा.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की काही चालक "सेन्सर गेला असेल" म्हणून काम चालू ठेवतात आणि हेड गॅस्केट जाळून बसतात. याउलट काही ठिकाणी दोष केवळ वायरीत असताना रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सारे उतरवले जाते. म्हणून प्रथम इंजिन खरोखर तापले आहे काय, हे काट्याशिवाय ठरवावे. यंत्राचा भार काढून इंजिन मंद गतीवर आणावे. वाफ दिसल्यास अथवा पाणी गळत असल्यास ते लगेच बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेले असते. झाकण निघताच ते उसळून चेहरा भाजतो. लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असल्यास थर्मोस्टॅटच्या घराजवळ मोजावे. ८० ते ९५ अंश हे बहुतेक डिझेल इंजिनांचे नेहमीचे तापमान होय.

याहून सोपी परीक्षा सकाळी करता येते. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राची चावी फिरवावी, इंजिन सुरू करू नये. थंड इंजिनावर काटा लाल पट्ट्यात गेला, तर दोष इंजिनाचा नाही.

हा सेन्सर म्हणजे पितळी बोंडात बसवलेला असा रोधक, की जो तापताच त्याचा विद्युतरोध कमी होतो. एका प्रचलित प्रकारात २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, तर १०० अंशांना दोनशेच्या आत रोध असतो. यावरून पुढील गोष्ट ध्यानात येईल : वायर तुटली की रोध अमर्याद होतो आणि काटा 'थंड' दाखवतो; वायर घासून लोखंडाला टेकली की काटा 'गरम' दाखवतो. म्हणून काटा लाल पट्ट्यात असताना सेन्सरची वायर काढून पाहावी. काटा खाली आला तर वायर ठीक आहे. एकतर सेन्सर बिघडला आहे किंवा इंजिन खरोखर तापले आहे. काटा तसाच राहिला तर वायर कुठेतरी टेकलेली आहे, किंवा काटाच नादुरुस्त आहे. संगणकीय नियंत्रण असलेल्या नव्या यंत्रांत दोन वायरींचा सेन्सर असतो. तेथे कनेक्टर काढून चावी चालू ठेवली असता दोन टोकांत सुमारे ५ व्होल्ट मिळावेत. तेथे टेस्ट लॅम्प लावू नये, संगणक जळण्याचा धोका असतो. अशा यंत्रात खोटा 'गरम' संदेशसुद्धा इंजिनाची ताकद आपोआप कमी करतो.

सेन्सर काढल्यास तो उकळत्या पाण्यात धरून मल्टिमीटरने रोध मोजावा व माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. दासगावला पाणी १०० अंशांना उकळते, म्हणून वेगळा थर्मामीटर लागत नाही. पोलादपूरहून घाट चढून महाबळेश्वरला गेल्यास तेच पाणी ९५-९६ अंशांनाच उकळेल, हे लक्षात ठेवावे.

लाल काट्यापेक्षा मला खोटा थंड काटा अधिक घातक वाटतो. रेडिएटरमधील पाणी गळून गेले की सेन्सरचे टोक कोरडे पडते. भोवतालच्या हवेतून व वाफेतून त्याला पुरेशी उष्णता मिळत नाही, काटा निवांत असतो आणि इंजिन आत चिकटते. काटा अचानक खाली आला तर आनंद मानू नये. इंजिन बंद करून, ते पूर्ण निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी.

आपल्या भागातील बहुतेक दोष कनेक्टरमध्ये सापडतात. सावित्रीला दासगावपर्यंत भरतीचे पाणी येते. पुरात बुडालेल्या किंवा खाजणात काम केलेल्या यंत्राच्या तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज चढतो, त्यामुळे रोध वाढतो आणि तापमान खऱ्यापेक्षा कमी दिसते. कनेक्टर उघडून टोके घासावीत, वाळवावीत, गोड्या पाण्याने पुसण्याची घाई करू नये. स्प्रे क्लीनर वापरावा. पावसाळ्यात उभ्या यंत्रात उंदीर वायरी कुरतडतात, तेही पाहावे. खाडीचे पाणी रेडिएटरमध्ये भरू नये.

एका वायरीच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांमधून मिळतो. तेथे गळती थांबवण्याची पांढरी टेप जाड गुंडाळली, तर नवा सेन्सरही चुकीचे दाखवतो. नवा बसवल्यावर कूलंट भरून हवा काढावी, यंत्र वीस मिनिटे चालवावे आणि सकाळची थंड परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.