नांगर किती खोल, की ओल किती खोल?

चि. बाळ यास,


तू रोटाव्हेटरसाठी कर्ज काढतो आहेस, असं आक्काकडून कळलं. सगळं रान दरसाल पलटी नांगरानं फूटभर उलथलं की ज्वारी वाढेल, असाही तुझा हिशेब आहे म्हणे. कागदावर सही करण्याआधी एवढं पत्र वाच.

आपलं मंगळवेढ्याचं रान काळं. पावसाळ्यात ते मोकळं राहतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारीचा पेरा पडतो. पुढं आभाळातून फारसं काही मिळत नाही. पेरताना जमिनीच्या पोटात जेवढी ओल असेल, तेवढ्यावरच पिकाला कणसापर्यंत जायचं असतं. म्हणून कोरडवाहू रब्बीत मशागत करायची ती पाण्यासाठी. एकरात एक मिलिमीटर पाऊस मुरला, तर सुमारे ४,००० लिटर पाणी जिरलं. एखादी २५ मिलिमीटरची सर वाहून गेली, तर लाखभर लिटर ओढ्याला गेलं, आणि त्यासोबत वरची कसदार मातीही.

रोटाव्हेटर वरची चार-सहा इंच माती पिठासारखी करतो. डोळ्याला ते रान छान दिसतं, हे खरं. पण पहिल्या जोरदार पावसात ते पीठ बसतं, छिद्रं बुजतात, वर पापडी धरते आणि पाणी उताराला लागतं. त्यातून वापसा नसताना यंत्र घातलंस, तर खाली कडक थर तयार होतो. मुळं तिथंच अडतात.

नांगराला माझा विरोध नाही. कुंदा, हरळी माजली असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट हवीच, आणि तीही उताराला आडवी. पण भारी काळी जमीन उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. तिला दरसाल उलथायची गरज नसते. ओढ्याकडच्या हलक्या पट्टीत तर मुरूम वर येईल. तिथं कुळवाच्या पाळ्या पुरे.

खरी मेहनत जुलैत घे. सारा यंत्रानं रानात वाफे पाडून ठेव, म्हणजे पडेल ते पाणी जागच्या जागी थांबेल. पेरणीआधी कुळवानं ते मोडायचे. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे, आणि रब्बीसाठी ही बंदिस्त वाफ्यांची शिफारस तिथली जुनी. तरी आपल्या शिवारात किती जण वाफे पाडतात, ते तूच बघ. फुकटात मिळणारं पाणी सोडून माणसं हप्त्याच्या मागं लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं बिननांगरणीचं भाताचं तंत्र तुला आवडलंय, तेही कळलं. गादीवाफे कायमचे ठेवायचे, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. विचार पक्का आहे. पण तिथं कोकणचा पाऊस, आणि आपल्याकडं कडबा दावणीला जातो. रानावर पांघरायला काडी उरत नाही, आणि उघड्या काळ्या रानाला भेगा पडणारच. त्या बुजवायला कोळपं लागतं.

कोळपणीत मात्र हयगय करू नकोस. तिसऱ्या आठवड्यात फटीचं, पाचव्यात पासेचं आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दातेरी कोळपं घाल. पहिल्या दोन पाळ्या तणासाठी, कारण तण पिकाच्या वाटणीचं पाणी पितं. तिसरी भेगांसाठी. तोवर थंडीचा कोरडा वारा सुटलेला असतो, आणि भेग उघडी राहिली की वरच्याच नव्हे, खोलवरच्या थरातली ओलही त्या वाटेनं उडते. दातेरी कोळप्यानं मोकळी माती भेगेत पडते आणि वर भुसभुशीत थर राहतो. कणीस पोटरीत येतं ते याच सुमारास. या पाळीला आळस केलास, तर दाणा भरताना ज्वारी मान टाकते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणतात, ते यासाठीच.

यंदा एका पट्टीत वाफे पाड, शेजारची पट्टी तशीच ठेव. पेरणीआधी दोन्हींत बारीक सळई दाबून बघ. ओल असेल तिथवर ती सरळ जाते, कोरड्याला अडते. दोन्हीकडचं माप वहीत लिही आणि खळं झालं की दाणे वेगवेगळे मोज. कर्जाचा विषय तोवर बाजूला ठेव. सारा यंत्र आणि कोळप्यांचे दाते आताच लोहाराकडून नीट करून घे, जुलै जवळ आला आहे.

आक्काला नमस्कार.

तुझा,
मामा