कॅरव्हॅन घेतली, पण दोन बुकिंगच्या मधला दिवस ठेवलाय का?



कॅरव्हॅनच्या मागच्या व्हिडिओत आपण गाडी कशी निवडायची, कर्जाचा हप्ता किती परवडतो, हे बघितलं. आजचा धडा गाडी दारात उभी राहिल्यानंतरचा आहे. नवीन मालकाचं पहिलं वर्ष.

आधी एक किस्सा सांगतो. आपल्या बॅचमधल्या एकाने वापरलेली कॅरव्हॅन घेतली. गाडी चांगली होती, भावही बरा मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे लागोपाठ तीन बुकिंग आली आणि त्याने तिन्ही घेतली. सकाळी अकराला एक कुटुंब उतरायचं, दुपारी एकला दुसरं चढायचं. मधले दोन तास चादरी बदलणं, झाडू मारणं आणि डिझेल भरणं यात जायचे. तिसरं कुटुंब दापोलीला पोचलं आणि रात्री फोन आला: गादी खालून ओली आहे, कुबट वास येतोय, दिवे मंद झालेत. घाटातल्या हादऱ्यांनी बेसिनखालच्या पाईपचा जोड ढिला झाला होता. पाणी थेंब थेंब करत पलंगाखालच्या प्लायमध्ये मुरत होतं, बहुतेक पहिल्या ट्रिपपासूनच. कुणी वाकून बघितलंच नव्हतं. ८,००० रुपये रात्र, तीन रात्रींचे २४,००० परत गेले. सुताराचं काम वेगळं. आणि गाडी अकरा दिवस घरी उभी. जोड घट्ट करायला लागला असता एक पाना आणि दोन मिनिटं.

कॅरव्हॅन म्हणजे हलणारं घर. हॉटेलची खोली जागची हलत नाही म्हणून तिथला नळ वर्षानुवर्षं टिकतो. तुमचा नळ आज आंबेनळी घाट उतरलाय, उद्या ताम्हिणी चढणार आहे. त्यामुळे दोन बुकिंगच्या मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. सीझनमध्ये जीवावर येतं, मला माहीत आहे. त्या दिवसाचे ८,००० बुडाल्यासारखे वाटतात. तरी ठेवा. आता त्या दिवशी करायचं काय, ते बघू.

सगळ्यात आधी हवा

गाडीत शिरण्याआधी आपण सहसा टायर बघतो. मी म्हणतो, आधी माणसांचा श्वास बघा.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. तपासात कारण निघालं कार्बन मोनॉक्साइड. जनरेटरचा धूर आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला डोकेदुखी होते, झोप येते आणि तो झोपतो. एसी लावून काचा बंद करून झोपणारं कुटुंब तर तुमच्या गाडीत रोजच असणार.

म्हणून जनरेटर असेल तर प्रत्येक मधल्या दिवशी त्याच्या एक्झॉस्टचा पाईप हाताने हलवून बघा. जोड सैल आहे का, काजळी बाहेर दिसते का, फरशीला कुठे भोक किंवा उघडी फट आहे का (वायर नेण्यासाठी पाडलेली भोकं लोक बुजवायची विसरतात). आत झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि त्याचं टेस्टचं बटण दर वेळी दाबा. माणसं झोपलेली असताना जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवायचं नाही, हा नियम ग्राहकाला तोंडी सांगा, दारामागे मराठीत आणि हिंदीत लिहून लावा. एसी रात्रभर पाहिजे तर विजेचं कनेक्शन असलेल्या जागीच मुक्काम, हे बुकिंग घेतानाच स्पष्ट करा. ग्राहक थोडा नाराज होईल. होऊ द्या.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली साचतो, खिडकी उघडून जात नाही. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी पाहिजे आणि त्या जाळीसमोर कुणी चपलांची पिशवी कोंबलेली नसावी. साबणाचं पाणी करून रेग्युलेटर, नळी आणि शेगडीच्या जोडावर लावा. फुगे आले की गळती. आगपेटीने कधीच तपासायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण मी करणारे बघितलेत. गाडी चालताना रेग्युलेटर बंद. घरगुती अनुदानाचा लाल सिलिंडर धंद्याच्या गाडीत ठेवू नका, ते कायद्यात बसत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गॅस ठेवूच नका. इंडक्शन आणि किटली द्या, जेवण वाटेवरच्या खानावळीत. बहुतेक कुटुंबांना गाडीत चहा आणि मॅगीच करायची असते.

पाणी आत, पाणी बाहेर

पाणी हा कॅरव्हॅनचा सगळ्यात मोठा शत्रू. पाण्याची मोटर चालू करा, सगळे नळ बंद करा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. मोटर मधूनच घुर्र करून परत बंद झाली तर कुठेतरी गळतंय. मग बेसिनखाली, टाकीमागे, शॉवरच्या कोपऱ्यात टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदाला कळतो. पलंगाखालचा प्लाय अंगठ्याने दाबा. दबला, मऊ लागला, तर सुताराला आजच फोन.

छतावर चढा. एसी, हवेचं झाकण आणि सोलर पॅनेल जिथे बसवलंय तिथले सांधे बघा. कोकणातला पाऊस आडवा येतो, त्यामुळे खिडक्यांच्या चौकटीही सोडू नका. सीलंटला भेगा असतील तर जुना थर खरवडून, जागा कोरडी करून मगच नवा भरा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. वरून थापलेलं काम एक पावसाळा काढतं, पुढच्या वर्षी परत तेच. हे काम मे महिन्यात उरकायचं. जूनमध्ये कारागीर सापडला तरी छत कोरडं सापडत नाही.

टॉयलेटबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मैल्याची टाकी कुठे रिकामी करायची, हे पहिलं बुकिंग घेण्याआधी ठरलेलं पाहिजे. तुमच्या नेहमीच्या रूटवर दोन-तीन रिसॉर्ट किंवा होमस्टेवाल्यांशी आधीच बोलून ठेवा: तुमच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करू, दर वेळी अमुक पैसे देऊ. ओढ्यात किंवा घाटात सोडून देणारे आहेत. गावकऱ्यांनी एकदा पकडलं की त्या गावात तुमचा धंदा संपला आणि पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या कॅरव्हॅनवाल्याचाही. जी टाकी सेप्टिकमध्ये जाणार तिच्यात फिनेलचा मारा करू नका, मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि होमस्टेवाल्याचं नुकसान होतं. टाकीच्या रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगून खराब होतं.

बॅटरीचं गणित ग्राहकाला कळेल असं मांडा

"रात्री लाईट गेली" ही तक्रार सगळ्यात जास्त येते. बहुतेक वेळा बिघाड झालेलाच नसतो, फक्त हिशोब चुकलेला असतो.

घरातली १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. राहिले ९००. आता रात्रीचा खर्च धरा. दोन पंखे २५ वॉटचे, आठ तास: ४००. छोटा फ्रिज रात्रभरात साधारण २२५. दिवे १००. मोबाईल ६०. झाले ७८५. रात्र निघाली, पण काठावर. यात कुणी एक टनाचा एसी इन्व्हर्टरवर लावला तर तो तासाला हजार वॉट-तासांच्या आसपास खातो. म्हणजे पाऊण तासात अंधार. हे आकडे कागदावर मांडून ग्राहकाला गाडी देतानाच दाखवा. माणसं समजून घेतात. आधी सांगितलेलं नसेल तर मात्र भांडतात.

मधल्या दिवशी सगळं बंद करून, बॅटरी काही तास तशीच ठेवून मीटर लावा. १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. पूर्ण चार्ज करूनही १२.४ च्या वर चढत नसेल तर म्हातारी झाली. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. टाक्या भरताना घरच्या नळाचं पाणी ओतायचं नाही.

टायर, वजन, उंची

आता टायर. कॅरव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी उभीच जास्त असते. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही छान दिसू दे, पाच-सहा वर्षं झाली की बदला. वापरलेली गाडी घेताना हा शिक्का बघितलाच नाही, असे निम्मे लोक भेटतात. स्टेपनीचाही बघा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर उन्हात तासन्‌तास एकाच वेगाने पळताना कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो.

वजनासाठी गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. टाक्या भरलेल्या, सामान चढवलेलं, अशी. आलेला आकडा आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे दोनशे लिटरची टाकी भरली की तीन माणसं जास्तीची बसली. घाट उतरताना हे ओझं ब्रेकवर येतं. म्हणून ड्रायव्हरला सांगा: ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं, दोन वर्षांनी बदला. आणि गाडीची उंची, छतावरच्या एसीसकट, फूट-इंचात मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवा. रिसॉर्टची कमान, रेल्वे फाटकाआधीचा उंचीचा खांब, आंब्याची फांदी: छतावरचा एसी याच तीन ठिकाणी जातो.

समुद्रकाठावरून आलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, नाहीतर बुरशी. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर नुसतं स्टार्ट करून बंद करू नका, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. आणि उंदीर! अन्नाचा एक कण आत राहिला की वायरिंग गेलं.

पैसे बाजूला काढायचे, ते कसे

आपल्याकडे देखभालीचा खर्च "आला की बघू" असा असतो. तसा नको. समजा टायरचा पूर्ण सेट ४८,००० ला पडला आणि तो ४०,००० किलोमीटर चालला. किलोमीटरला १ रुपया २० पैसे. पण तुमची गाडी वर्षाला ६,००० किलोमीटरच पळत असेल तर पाच वर्षांत ३०,००० होतील आणि टायर वयानेच जातील. मग तोच खर्च किलोमीटरला १ रुपया ६० पैसे. बॅटऱ्या ३६,००० च्या, तीन वर्षं टिकल्या, वर्षाला १०० रात्री: रात्रीला १२० रुपये. गाद्या, पडदे, मोटर, सीलंट असं धरत गेलात की आतल्या घराचे रात्रीला ५०० सहज होतात. हे ५०० बुकिंगचे पैसे आल्याबरोबर वेगळ्या खात्यात टाका. हप्त्याच्या खात्यातून खर्च करायला लागलात की सप्टेंबरमध्ये, पाऊस संपायला आलेला आणि बुकिंग शून्य असताना, छत गळणार आणि खिशात पैसे नसणार.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे वाटतं की आता सगळं मोकळं आहे. तसं नाही. साधी प्रवासी गाडी घेऊन आत पलंग ठोकला आणि आरसीवर नोंद केली नाही, किंवा खासगी पाटीची गाडी भाड्याने दिली, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. आरटीओत गाडीचा वर्ग काय लिहिलाय आणि परवाना भाड्याचा आहे का, हे पहिल्या बुकिंगआधी बघा.

शेवटचं काम वहीचं. शंभर पानी वही गाडीतच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. तारीख, किलोमीटर, व्होल्टेज, टायरची हवा, काय ढिलं सापडलं, कुणी घट्ट केलं. ग्राहकाला चावी देताना आणि परत घेताना पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, त्याच्यासमोरच. डिपॉझिटवरून होणारे अर्धे वाद तिथेच मिटतात. आपल्या त्या विद्यार्थ्याच्या वहीत आता प्रत्येक पानावर पहिली ओळ एकच असते: "बेसिनखालचा जोड बघितला."