राईची उशी नको

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. सोन्याच्या गलाईच्या धंद्यापायी दिल्लीच्या करोल बागेत, बीडनपुऱ्यात राहतो. एका खोलीचा संसार, पलंग भिंतीला लागलेला, खिडकी एकाच बाजूला. बाळ दोन महिन्यांचं असताना आंघोळ घालताना सासूबाईंच्या हाताला लागलं की, डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय. नीट पाहिलं तर त्या बाजूचा कानही किंचित पुढे सरकलेला.

शेजारच्या पंजाबी आंटी लगेच राईची उशी घेऊन आल्या. आपल्याकडेही मोहरीची उशी करतातच. सासूबाईंचं म्हणणं, "थोडे दिवस पालथं निजव गं." डॉक्टरांनी दोन्हींना साफ नकार दिला. एवढ्याशा जिवाला मान सावरता येत नाही. उशीवर डोकं पुढे कललं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. डोकं गोल करणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2022 मध्ये दिला आहे. पालथं निजवणं तर त्याहून वाईट. तिकडे 1992 पासून बाळांना उताणं निजवायला सांगू लागले आणि झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. चपट्या डोक्यांच्या तक्रारी मात्र त्यानंतर वाढल्या. चपटेपणा बहुतेकदा भरून निघतो; म्हणून झोप उताणीच.

आमचं बाळ सतत खिडकीच्या उजेडाकडे मान वळवायचं, चपटेपणाचं एवढंच कारण. मग एक रात्र डोकं गादीच्या या टोकाला, एक रात्र त्या टोकाला, असं सुरू केलं. पालथं घालायचं ते जागेपणी, कुणीतरी समोर बसून. सुरुवातीला तीन-चार मिनिटांतच ते रडायचं. माझ्या छातीवर घातलं की रमायचं. तेल लावताना डोकं दाबून 'आकार देणं' मात्र बंद. ते सासूबाईंना पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला!

दिल्लीच्या थंडीत रजई घालायचा मोह होतो. त्यापेक्षा अंगात एक कपडा जास्त घाला. बाळाची जागा आपल्याच खोलीत, पण वेगळी, सपाट आणि घट्ट गादीची. तिथे उशी, लोड, खेळणी काही नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको.

बाळ एका बाजूला मान वळवतच नसेल, कवटीवर उंचवटा हाताला लागत असेल किंवा जागा बदलूनही चपटेपणा वाढत असेल, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.