पित्तज जिह्वाकंटक व तात्पुरता जिह्वांकुरशोथ : चिकित्सोपयोगी विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात १६ व्या अध्यायात जिह्वागत रोग पाच सांगितले आहेत : वातज, पित्तज व कफज असे तीन कंटक, अलास आणि उपजिह्विका. पैकी पित्तज कंटकात जिभेवर पीतवर्णता, दाह आणि रक्तवर्ण काट्यांसारखे अंकुर ही लक्षणे येतात. जिभेच्या टोकाला एकाएकी उठणाऱ्या व तिखट लागताच झोंबणाऱ्या पुळीचा विचार आम्ही याच सदरात करतो. तथापि दोन्ही व्याधी तंतोतंत एकच आहेत, असे मानणे युक्त नव्हे.

लक्षणे : आधुनिक वैद्यकात या पुळीचे वर्णन १९९६ साली ‘ट्रान्झियंट लिंग्वल पॅपिलायटिस’ या नावाने झाले. टोकावरील वा कडेवरील छत्राकृती अंकुरांपैकी एखाद-दुसरा सुजतो, लाल अथवा पांढरट होतो व टोचल्यासारखा दुखतो. बहुधा १ ते ४ दिवसांत तो आपोआप शमतो, पुनरुद्भवही होतो. दात लागणे, अत्युष्ण, तिखट वा आंबट आहार, जागरण व मानसिक ताण असा पूर्वेतिहास पुष्कळदा मिळतो. बालकांत ज्वरासह अनेक अंकुर एकदम सुजतात. हा प्रकार आठवडाभर टिकू शकतो.

व्यवच्छेद : जिभेच्या मुळाशी ओळीने असणारे मोठे अंकुर प्राकृत होत, आरशात ते प्रथमच पाहून घाबरलेल्या रुग्णास धीर द्यावा. मुखपाकात व्रण असतो, येथे उंचवटा असतो. बालकास ५ दिवस ज्वर असून जीभ, ओठ व डोळे लाल असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.

चिकित्सा : पित्तज कंटकात घर्षणाने दुष्ट रक्त काढून नंतर मधुर द्रव्यांनी प्रतिसारण, गंडूष व नस्य करावे, असा सुश्रुतोक्त क्रम आहे. जिभेवर सर्वत्र कंटक दाटले असता हा क्रम विचारार्ह ठरतो. मात्र एकुलत्या सुजलेल्या अंकुरावर घर्षण केल्यास क्षोभच वाढेल. म्हणून येथे उत्तरार्धच घ्यावा : ज्येष्ठमधाचे चूर्ण तुपात कालवून हळुवार प्रतिसारण, गार दुधाचा गंडूष आणि तिखट, आंबट, तंबाखू यांचा त्याग. क्षार लावू नये, अंकुर कापू वा खुडू नये.

जो व्याधी चार दिवसांत स्वतःच शमतो, त्याचे श्रेय औषधास देण्याची घाई आपण करू नये. हे श्रेय घेण्याची सवय जडली की न शमणाऱ्या विकाराकडेही त्याच विश्वासाने पाहिले जाते, आणि खरा धोका तेथेच आहे. जिभेची कड हे कर्करोगाचे नेहमीचे स्थान आहे, आणि आपल्याकडे तंबाखू व मिश्रीचे सेवन विपुल आहे.

औषधविक्रेता बंधूंनी जिभेसाठी औषध देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : किती दिवस झाले? नेमके कोठे? तंबाखूची सवय आहे काय? दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला व्रण, कठीण गाठ वा पुसून न जाणारा पांढरा अथवा लाल चट्टा असल्यास दुसरी बाटली न देता रुग्णास तज्ज्ञांकडे तपासणीस धाडावे. अशा वेळी एक बाटली कमी विकली जाणे, हीच त्या दिवसाची उत्तम चिकित्सा होय.