आयत्या वेळी येणारा क्लास

ग्रंथालयातील सर्व पुस्तके कोणी टेबलावर मांडून ठेवीत नाही. वाचक चिठ्ठीवर नाव लिहून देतो आणि ग्रंथपाल कपाटातून तेवढेच पुस्तक आणून देतात. जावा या भाषेत क्लास काहीसे याच रीतीने संगणकाच्या स्मृतीत येतात.

जावाची पहिली आवृत्ती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९६ साली प्रसिद्ध केली. या भाषेत कंपायलर प्रत्येक क्लासची स्वतंत्र बाइटकोड फाइल तयार करतो. प्रोग्रॅम चालू असताना एखाद्या क्लासची गरज पडली, की 'क्लासलोडर' ती फाइल शोधून स्मृतीत आणतो.

एक उदाहरण घेऊ. निकालपत्र मराठीत अथवा कन्नडमध्ये छापणारा प्रोग्रॅम लिहावयाचा आहे. 'निकालपत्र' हा इंटरफेस ठरवून 'मराठीपत्र' व 'कन्नडपत्र' असे दोन क्लास लिहिले. हव्या त्या क्लासचे नाव एका साध्या फाइलीत नोंदविले, की 'फॉरनेम' ही मेथड ते नाव घेऊन क्लास आणते. मग त्याचा ऑब्जेक्ट निर्माण करता येतो. उद्या कोणी 'उर्दूपत्र' लिहिले, तरी मूळ प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

परंतु लाभाबरोबर जबाबदारीही येते. येथे नाव म्हणजे केवळ अक्षरे. त्यात एखादे अक्षर चुकले, तरी कंपायलर तक्रार करीत नाही. चूक उघडकीस येते ती प्रोग्रॅम चालताना, 'क्लासनॉटफाउंड' या अपवादाच्या रूपाने. म्हणून त्या अपवादाची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. आणावयाचा क्लास परकी व्यक्तीच ठरवू लागली तर? डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या, प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील असाच दोष उघड झाला. बाहेरून आलेला मजकूर नोंदविताना ती त्यातील पत्त्यावर जाई आणि तेथून परका क्लास आणून चालविला जाऊ शकत असे. जगभर असंख्य प्रोग्रॅम तातडीने दुरुस्त करावे लागले.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, चालतील अशा क्लासच्या नावांची यादी प्रोग्रॅममध्येच ठेवा आणि आलेले नाव तिच्याशी ताडून पाहा. चिठ्ठी कोणाची, हे पाहिल्यावाचून कपाट उघडू नये.